मुक्त विद्यापीठांची चाळणी कुठे बसवलेली असते?

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून आधी त्या थोडक्यात मांडते. विचारणारी व्यक्ती नोकरी करते आणि अर्धवट राहिलेले शिक्षण तिला पुरे करायचे आहे. मुक्त विद्यापीठात कोणालाही, कुठूनही, केव्हाही प्रवेश मिळतो आणि खर्च नगण्य असतो असे तिने ऐकले आहे. ते कितपत खरे? दुसरे, या विद्यापीठांची पुस्तके इंटरनेटवर फुकट दिसतात, तर ती छापून अभ्यासगटात वाटली तर चालेल का? आणि तिसरे, सगळे एवढे खुले असेल तर फी कशाची घेतात?

मी दूरशिक्षणात घटकलेखन केले आहे (म्हणजे अभ्यासपुस्तिकेतले पाठ लिहिले आहेत), स्वाध्याय, म्हणजे विद्यार्थ्यांनी घरून लिहून पाठवलेली उत्तरे, तपासले आहेत आणि अभ्यासकेंद्रावर शंका सोडवणारी संमंत्रक म्हणून बसले आहे. तिथून जे दिसते ते असे: नेहमीचे विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी जी चाळणी लावते, ती मुक्त विद्यापीठात काढून टाकलेली नसते, आत सरकवलेली असते. कुठे पहिल्या स्वाध्यायापाशी, कुठे सत्रांत परीक्षेपाशी, कुठे पदवी हातात पडल्यावर नोकरीच्या अर्जापाशी. ती नेमकी कुठे आहे हे प्रवेश घेण्यापूर्वी कळले तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीपासून सुरुवात करते, कारण पुढच्या बऱ्याच मुक्त विद्यापीठांनी तिचाच कित्ता गिरवला. १९६९ मध्ये तिला राजसनद मिळाली. त्या जुलैत पहिले कुलपती लॉर्ड क्राउदर यांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितले की हे विद्यापीठ माणसांना, ठिकाणांना, पद्धतींना आणि विचारांना खुले राहील. दूरशिक्षणाच्या परिषदांत ही चौकडी आजही कोणीतरी काढतेच. यातले 'माणसांना खुले' सर्वांत लवकर खरे झाले, पण तेही पुरतेपणी नाही. १९७१ च्या जानेवारीत पहिली तुकडी सुरू झाली तेव्हा शैक्षणिक पात्रतेची अट नव्हती; मात्र जागा साधारण २५ हजार आणि अर्ज ४० हजारांवर. मग आधी येईल त्याला आधी, शिवाय प्रदेश आणि विषय यांचा कोटा. वय २१ पूर्ण हवे होते. सुरुवातीच्या तुकड्यांत शाळाशिक्षकांचा मोठा भरणा होता. म्हणजे अर्ज कसा भरायचा, अभ्यासाला कसे बसायचे हे ज्यांना आधीपासून ठाऊक होते ते उघड्या दारातून सर्वांत आधी आत आले. यात कुणाचा डाव नव्हता. अट काढली की जे आधीच तयार आहेत त्यांचा फायदा आधी होतो, हे मी पुढे अनेक ठिकाणी पाहिले.

सगळी दूरशिक्षण विद्यापीठे प्रवेशाच्या बाबतीत इतकी सैल नसतात. कॅनडाचे अथाबास्का विद्यापीठ १६ वर्षे पूर्ण झालेल्याला पदवीपूर्व अभ्यासक्रमात घेते, आधीचे गुण विचारत नाही. याउलट स्पेनचे १९७२ मध्ये निघालेले यूएनईडी किंवा जर्मनीतले हागेनचे फर्नयुनिव्हर्सिटेट पाहा. ही दूरशिक्षणाची मोठी सार्वजनिक विद्यापीठे आहेत, पण पदवीसाठी शालान्त पात्रता किंवा तिला पर्यायी म्हणून ठरवून दिलेली वाट लागते. स्पेनमध्ये २५ वर्षांवरील लोकांसाठी वेगळा प्रवेश अभ्यासक्रम आहे. दक्षिण आफ्रिकेचे युनिसा तर १९४६ पासून पत्राद्वारे शिकवते आहे, तरी तिथे शालान्त प्रमाणपत्राची अट असते. घरी बसून शिकता येते एवढ्यावरून विद्यापीठ मुक्त आहे असे धरून चालू नये.

भारतात १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८५ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी एक चांगली फट ठेवली होती: औपचारिक पात्रता नसली तरी वय २१ पूर्ण असेल आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण केली असेल तर पदवीला प्रवेश देता येईल. त्यावरून पूर्वतयारी शिक्षणक्रम निघाले, आणि बारावी न झालेली अनेक माणसे त्या वाटेने पदवीधर झाली. पण काही विद्यापीठांनी या सोयीचा हात धरून आणखी पुढे उडी मारली. पदवी नसलेल्यालाही थेट एम.ए.ला घेतले. २००९ मध्ये अण्णामलै विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असली एम.ए. ग्राह्य नाही असे ठरवले. त्या विद्यार्थ्यांनी फी भरली होती, परीक्षा दिली होती, ते उत्तीर्ण झाले होते. विद्यापीठाने चाळणी लावली नाही, ती न्यायालयात लागली, आणि तोवर वर्षे गेलेली होती.

म्हणून पूर्वतयारीच्या वाटेने जाणाऱ्याने दोन कागद एकदमच पाहावेत. एक, विद्यापीठाची त्याच वर्षीची माहितीपुस्तिका, कारण अशा वाटा उघडतात आणि बंदही होतात. दुसरा, ज्या नोकरीसाठी किंवा बढतीसाठी पदवी हवी आहे तिचे सेवाप्रवेश नियम. विद्यापीठाचा प्रवेश खुला आहे आणि नोकरीच्या जाहिरातीत मात्र 'दहावी, बारावी आणि नंतर पदवी' असा क्रम मागितला आहे, हे सर्रास होते. पदवीची वैधता वेगळी आणि मालकाची अट वेगळी. २०२० च्या यूजीसी नियमांनुसार मान्यताप्राप्त मुक्त व दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते, हे खरेच आहे. पण त्याच नियमांनी अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, वास्तुरचना, विधी यांसारखे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून द्यायला मनाई केली आहे. एखादी संस्था यांपैकी काही 'घरबसल्या' देऊ करत असेल तर तिथेच थांबावे.

आता 'कुठूनही' आणि 'केव्हाही'.

कुठूनही शिकता यावे यासाठी जुन्या लोकांनी केलेल्या खटपटी ऐकल्या तर आजच्या लॉगिन-पासवर्डवाल्यांना आश्चर्य वाटेल. ओपन युनिव्हर्सिटी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगाची पेटी पाठवत असे. तिच्यात रसायने, काचसामान, आणि खिशात मावेल असा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शक. प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यावर. व्याख्याने बीबीसीवर अवेळी लागत; २००६ च्या डिसेंबरमध्ये ते प्रक्षेपण थांबले. त्या प्रक्षेपणाची गंमत अशी की नाव न नोंदवलेला कोणीही रात्री जागून ते पाहू शकत असे, आणि पुष्कळ लोक पाहत. त्या काळात ही मोकळीक कुठल्या धोरणात लिहिलेली नव्हती. दूरदर्शन संचाला विद्यार्थी कोण आणि उपरा कोण हे कळत नव्हते, एवढेच. पुढे सगळे विद्यार्थ्यांच्या लॉगिनमागे गेले तेव्हा साहित्य पोहोचवणे सोपे झाले, पण रात्रीचा तो नोंदणी नसलेला प्रेक्षक बाहेर राहिला.

तुरुंगाचे उदाहरण घ्या. नेल्सन मंडेला यांनी रॉबेन बेटावरून लंडन विद्यापीठाच्या बाह्य परीक्षांसाठी कायद्याचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये, तुरुंगात असतानाच, युनिसाची एलएल.बी. पूर्ण केली. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच परीक्षा दूरच्या लोकांना खुली केली होती: कुठेही शिका, कुणाकडूनही शिका, आमची परीक्षा द्या. छापील पुस्तक आणि टपाल एवढ्यावर ते चालत होते. (बेटावर अभ्यास ही सवलत समजली जाई आणि शिक्षा म्हणून काढूनही घेतली जाई, तो भाग निराळा.) आज साहित्य, स्वाध्याय, चर्चा सगळे ऑनलाइन झाल्यावर इंटरनेट नसलेल्या कैद्याला त्यासाठी खास वेगळी छापील व्यवस्था लागते. हेच बोटीवर काम करणाऱ्याचे, सीमेवरच्या जवानाचे, आणि घरात एकच मोबाइल असलेल्या बाईचे. कॅमेऱ्यापुढे द्यायच्या परीक्षेने प्रवासाचा खर्च वाचवला हे कबूल. पण आता लॅपटॉप, न तुटणारी जोडणी आणि दोन-तीन तास कोणी आत येणार नाही अशी खोली लागते. ही तिसरी गोष्ट विद्यापीठाच्या पात्रतेच्या यादीत कधीच छापलेली नसते. माझ्या पाहण्यातल्या गळतीत तिचा वाटा लहान नाही.

'केव्हाही' हे वचन सर्वांत कमी पाळले जाते. अथाबास्कात पदवीपूर्व विषय महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू करता येतो आणि साधारण सहा महिन्यांत आपल्या गतीने पुरा करता येतो. बहुतेक ठिकाणी मात्र वर्षाला एक किंवा दोन प्रवेशसत्रे, ठरलेल्या तारखेला स्वाध्याय आणि ठरलेल्या तारखेला परीक्षा असते. यात विद्यापीठाचा आळस असतो असे समजू नका. सगळे एकाच आठवड्यात एकाच घटकावर असतील तरच संमंत्रण सत्रात चार माणसे जमतात, एकमेकांना फोन करतात, एकमेकांना खेचतात. प्रत्येक जण आपापल्या गतीने चालू लागला की चालणारा एकटा पडतो. कामावरच्या पाळ्या बदलत असतील त्याने मोकळी गती असलेले विद्यापीठ शोधावे. ज्याला मुदतीशिवाय हात हलत नाही त्याने तारखा असलेले. मी स्वतः दुसऱ्या प्रकारातली आहे.

एक हिशेब मात्र दोघांनीही करावा. इग्नूत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक म्हणजे १० तास, आणि पूर्णवेळ वर्षाचे १२० श्रेयांक. म्हणजे वर्षाला १२०० तास. अर्धवेळ, ६० श्रेयांक घेतले तरी आठवड्याला १५ ते १८ तास निघतात. नोकरी, प्रवास, घर सांभाळून हे तास कुठून येणार ते वहीत लिहून पाहावे. प्रवेश घेणारे बहुतेक जण हे करत नाहीत, आणि गळती बहुतेक पहिल्याच स्वाध्यायाच्या तारखेला होते, परीक्षेत नव्हे. परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांचे निकाल इतके वाईट नसतात.

आता पैशाकडे येते, कारण फी कशाची याचे उत्तर त्या स्वाध्यायातच आहे.

हागेनच्या विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू ओटो पीटर्स दूरशिक्षणाला शिक्षणाचे सर्वांत औद्योगिक रूप म्हणत. कामाची वाटणी, आधी मोठी गुंतवणूक, मग मोठ्या संख्येने वितरण. पुस्तकाच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. एक घटक लिहायला लेखक, संपादक, विषयतज्ज्ञ, चित्रकार, सगळे मिळून महिने खपतात. पण एकदा तयार झाला की हजार जणांनी वाचला काय आणि लाखांनी वाचला काय, खर्च फारसा वाढत नाही. ऑनलाइन तर जवळजवळ नाहीच. म्हणून विद्यापीठे साहित्य मोफत करू शकतात.

स्वाध्याय तपासणे तसे नाही. एक नमुना दाखवते. अर्थशास्त्राच्या स्वाध्यायात मागणीच्या लवचीकतेवर प्रश्न होता. विद्यार्थ्याने लिहिले: "किंमत वाढली की मागणी कमी होते, म्हणून मागणी लवचीक आहे." घाईतला तपासनीस इथे लाल तिरकी रेघ मारतो, दहापैकी चार देतो आणि पुढचे पान उलटतो. अर्ध्या मिनिटाचे काम. नीट तपासणारा समासात असे काही लिहितो: "मागणी कमी होते हे बरोबर, पण तो मागणीचा नियम झाला. लवचीकतेत आपण विचारतो की किती कमी होते. किंमत १० टक्के वाढली आणि मागणी २ टक्केच घटली, तर या वस्तूबद्दल काय म्हणाल? आणि मागणी ३० टक्के घटली तर? दोन्ही उत्तरे लिहून पाठवा." हे लिहायला आधी विद्यार्थी कुठे अडला ते ओळखावे लागते, आणि एका उत्तरपत्रिकेला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. विद्यार्थी दुप्पट झाले की हा वेळ दुप्पट होतो. इथे संख्येचा फायदा मिळत नाही. घरी बसून शिकणाऱ्याला 'शिकवणे' म्हणून जे काही मिळते त्याचा मोठा भाग हा समासातला मजकूर आहे.

विद्यापीठ जेव्हा काटकसर करते तेव्हा पहिली कात्री इथेच लागते. तपासनिसाला एका उत्तरपत्रिकेमागे इतके कमी देतात की लाल रेघेपलीकडे काही लिहिणे परवडत नाही. मग विद्यार्थ्यालाही कळते की वाचतो कोण, आणि तयार स्वाध्यायांचा बाजार उभा राहतो. एकाच दुकानातून घेतलेली तीच उत्तरे, त्याच चुकांसह, माझ्यासमोर गठ्ठ्याने आली आहेत. ती उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला मी फारसा दोष देत नाही; त्याच्या लिहिण्याला उत्तर देणारे कोणी नसेल तर त्याने तरी का लिहावे?

याच कारणाने 'मोफत' विद्यापीठांतही कुठेतरी पावती फाडावी लागतेच. २००९ मध्ये सुरू झालेली युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल शिकवणीची फी घेत नाही, पण प्रत्येक विषयाच्या मूल्यमापनाचे शुल्क घेते. भारतात एनपीटीईएल आणि स्वयम या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांवर व्याख्याने पाहायला, स्वाध्याय सोडवायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. आणि २००८ चा तो कॅनडातला प्रयोग आठवा, जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांचा मॅनिटोबा विद्यापीठातला अभ्यासक्रम, ज्याच्यावरून पुढे 'मूक' (एमओओसी, म्हणजे हजारोंसाठीचा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव रूढ झाले. पंचवीसेक विद्यार्थी श्रेयांकासाठी फी भरून बसले होते आणि दोन हजारांहून अधिक लोक तोच अभ्यासक्रम फुकट करत होते. वाचन तेच, चर्चा तीच. पंचवीस जणांनी मूल्यमापनाचे आणि श्रेयांकाचे पैसे दिले. पुढे आलेल्या मोठमोठ्या खुल्या अभ्यासक्रमांत शेवटपर्यंत पोहोचणारे बहुधा दहा-पंधरा टक्क्यांच्या आत राहिले. समासात लिहिणारे कोणी नसल्यावर काय होते त्याचा हा आकडा आहे, असे माझे मत. इतर कारणेही असतील. केवळ डोकावायला आलेल्यांना तर गळतीत मोजूच नये.

फी किती असावी हे विद्यापीठापेक्षा सरकार जास्त ठरवते. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये सरकारने अनुदान आखडते घेतले, ओपन युनिव्हर्सिटीची फी एकदम चढली, आणि अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या ढासळली. स्कॉटलंडमध्ये मात्र कमी उत्पन्न असलेल्या अर्धवेळ विद्यार्थ्याची फी सरकारी अनुदानातून भरली जाते. विद्यापीठ तेच, पुस्तके तीच, परीक्षा तीच. सीमेच्या एका बाजूला कमी पगाराचा माणूस ती पदवी फुकट घेतो आणि दुसऱ्या बाजूला कर्ज काढून. तेव्हा 'मुक्त विद्यापीठ महाग झाले' अशी तक्रार ऐकली की आधी विचारावे, अनुदान कोणी काढले?

राहिला प्रश्न पुस्तके छापून वाटण्याचा. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण दिसते त्याला हात लावायला हरकत नसावी असे वाटते.

साहित्य वाचायला मोफत असणे ही एक परवानगी. ते उतरवून घेणे, छापून वाटणे, त्यात बदल करणे, भाषांतर करणे, विकणे या प्रत्येकाची परवानगी वेगळी. इग्नूचे बरेचसे छापील साहित्य ईज्ञानकोश या तिच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते, आणि स्पर्धा परीक्षावाले ते वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. पण त्याच पुस्तिका उघडून पहिली दोन-तीन पाने पाहा. लेखक-संपादकांच्या यादीनंतर, मुद्रणाच्या माहितीजवळ बारीक अक्षरांत लिहिलेले असते की विद्यापीठाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तिकेचा कोणताही भाग मिमिओग्राफने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे पुन्हा काढता येणार नाही. मिमिओग्राफ म्हणजे ते जुने चक्रमुद्रण यंत्र. आजच्या विद्यार्थ्याने पाहिलेही नसेल. यंत्र गेले, ओळ राहिली. जगभर लोक जे वाचत आहेत त्या साहित्याची कायदेशीर अवस्था मात्र अजून त्या ओळीतच आहे.

याउलट ओपन युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये सुरू केलेले ओपनलर्न क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. उतरवून घ्या, बदला, वाटा. अटी तीन: श्रेय द्या, व्यापारी वापर करू नका, आणि तुम्ही केलेले रूपही त्याच परवान्याखाली ठेवा. एनपीटीईएलच्या परवान्यात व्यापारी वापराला आडकाठी नाही, श्रेय आणि तोच परवाना एवढीच अट आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम साहित्य खुले करण्याची घोषणा केली आणि २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव ठरले, तेव्हापासूनची ही परंपरा. यातली मौज अशी की एमआयटीत प्रवेश मिळवणे जगातल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक, आणि साहित्य मात्र मोकळे. तर काही मुक्त विद्यापीठांत प्रवेश कोणालाही आणि साहित्यावर सर्व हक्क राखीव.

मुक्त विद्यापीठे हक्क सोडत नाहीत यामागे नुसता कद्रूपणा असतो असे नाही. मी ज्यावर काम केले अशा एका पुस्तिकेत दुसऱ्या प्रकाशकाचा एक नकाशा होता. त्याची परवानगी घेतली होती ती 'छापील आवृत्ती, नोंदणीकृत विद्यार्थ्यांसाठी' एवढ्यापुरती. पुस्तिका सर्वांसाठी ऑनलाइन ठेवायची ठरली तेव्हा प्रकाशकाने नवी फी सांगितली, ती परवडेना, आणि नकाशाच्या जागी रिकामी चौकट आली: हक्कांच्या कारणास्तव हे चित्र येथे दिलेले नाही. खालचे तीन प्रश्न त्या नकाशावरच होते. ते तसेच राहिले. मोफत आवृत्तीत अशा रिकाम्या चौकटी दिसल्या तर समजावे की नोंदणी केलेल्यांच्या पुस्तकात तिथे काहीतरी आहे.

तेव्हा अभ्यासगटासाठी: ज्या साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण आहे ते छापा आणि वाटा, श्रेयाची ओळ मात्र कापू नका. 'व्यापारी वापर नाही' असा परवाना असेल तर फी घेणाऱ्या शिकवणीत ते लावू नका. ज्यावर 'सर्व हक्क राखीव' आहे त्याचा दुवा पाठवा, प्रत नको. स्वतःच्या अभ्यासासाठी काही पाने काढून घेणे भारतीय कॉपीराइट कायद्यात बसते, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वर्गात शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला. पण त्या निकालाचा आधार शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले शिकवणे हा होता. मित्रांच्या गटाने आख्खे पुस्तक छापून घेणे त्यात बसेल अशा भरवशावर राहू नये. विद्यापीठाला पत्र लिहून परवानगी मागणे हा मार्ग कोणी वापरत नाही, आणि मला तरी त्याला सरळ नकार आल्याचे क्वचितच दिसले आहे.

प्रवेशाचे ठरवताना मी स्वतः काय पाहते ते सांगते. मान्यता यूजीसीच्या यादीत, त्याच शिक्षणक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी आहे का, हे पहिले. विद्यापीठाला मान्यता असून शिक्षणक्रमाला नसते असेही घडते. मग जवळच्या अभ्यासकेंद्रावर एकदा जाऊन यावे आणि तिथल्या विद्यार्थ्याला विचारावे, मागचा स्वाध्याय परत मिळाला का, आणि मिळाला असेल तर दाखव. त्यावर नुसता आकडा आहे की काही लिहिलेले आहे, हे पाहिल्यावर जाहिरात वाचायची गरज उरत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर पाहाव्यात. दर वर्षी तेच प्रश्न फिरत असतील तर पदवी लवकर मिळेल, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. एकूण खर्च काढताना प्रवेशाची फी एवढीच धरू नये. परीक्षा फी, पुनर्नोंदणी, नापास विषयाची फेरपरीक्षा, प्रात्यक्षिकाची हजेरी, पदवी प्रमाणपत्राचे शुल्क, हे सगळे निरनिराळ्या पानांवर विखुरलेले असते.

आणि कमाल मुदत जरूर शोधावी. तीन वर्षांच्या पदवीला बहुधा सहा किंवा त्याहून जास्त वर्षे दिलेली असतात. आजारपण, बाळंतपण, बदली अशा कारणांनी ती उलटून गेली तर उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक शिल्लक राहतात का, ते दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात का, मधेच थांबल्यास प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते का, हे तीन प्रश्न प्रवेशापूर्वी ईमेलने विचारावेत आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. फोनवर मिळालेल्या उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.